सर्व्हर बंद करण्याआधी : तंत्रज्ञान धोरण समितीस खुले पत्र

प्रति,
सन्माननीय सदस्य,
तंत्रज्ञान धोरण समिती

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात तुमचं दीड पानी परिपत्रक आलं. ३१ मार्चपर्यंत सगळे प्रकल्प सबव्हर्जन या कोड सांभाळणाऱ्या जुन्या व्यवस्थेवरून गिट या दुसऱ्या व्यवस्थेवर न्यायचे. नेताना प्रत्येक प्रकल्पाची फक्त आजची अवस्था घ्यायची, जुना इतिहास आणायचा नाही. १ एप्रिलला सबव्हर्जनचा सर्व्हर कायमचा बंद. अपवाद कोणालाच नाही. कारण म्हणून एकच वाक्य : ‘उद्योगातील सर्वमान्य पद्धतीशी सुसंगती’.

मी आधी माझ्या वरिष्ठांना लिहिलं, मग समितीच्या मेलवर लिहिलं. पोच आली, उत्तर आलं नाही. म्हणून आता उघडपणे लिहिते आहे. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. हिंजवडीपासून खराडीपर्यंत ज्यांना असं परिपत्रक आलं असेल, त्यांनी आपापल्या कंपनीचं नाव घालून वाचावं.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. सॉफ्टवेअर लिहिताना रोज असंख्य बदल होतात. कोणी, कधी, काय आणि कशासाठी बदललं याची नोंद ठेवणारी, आणि लागेल तेव्हा मागच्या कुठल्याही टप्प्यावर परत नेणारी व्यवस्था म्हणजे व्हर्जन कंट्रोल. बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ साली एससीसीएस लिहिलं, तेव्हापासून ही सोय आहे. आज तिच्या दोन तऱ्हा आहेत. केंद्रीय पद्धतीत, म्हणजे सीव्हीएस, सबव्हर्जन, परफोर्स यांत, सगळा इतिहास एका सर्व्हरवर राहतो. आपल्या हातात येते ती आजची प्रत, आणि कमिट करायचं, म्हणजे बदल नोंदवायचा, तर सर्व्हर समोर लागतो. विकेंद्रित पद्धतीत, म्हणजे गिट किंवा मर्क्युरियलमध्ये, क्लोन, म्हणजे पूर्ण प्रत, घेतला की सगळा इतिहास आपल्या मशीनवर उतरतो. कमिट, ब्रँच (कामाची वेगळी फांदी), लॉग, तुलना सगळं नेटशिवाय चालतं. सवड झाली की सर्व्हरला किंवा सहकाऱ्याला पाठवायचं.

आता एक गैरसमज आधीच दूर करते. गिटला माझा विरोध नाही. जुनं सोडवत नाही म्हणून रडणारी बाई, असा शेरा मारून हे पत्र बाजूला ठेवू नका. आमच्या सी कोडसाठी गिट हवं, असं मी स्वतः कितीतरी आधीपासून म्हणते आहे. इंदूरजवळच्या पिथमपूरच्या चाचणी ट्रॅकवर गाडीत लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाला नेट मिळत नाही. तो दिवसभरात आठ दुरुस्त्या करतो आणि संध्याकाळी सबव्हर्जनमध्ये त्यांचा एकच भला मोठा कमिट होतो. त्यातली कुठली दुरुस्ती कामाची होती आणि कुठली अंगाशी आली, हे नंतर कोणाला सांगता येत नाही. गिटमध्ये त्या आठच्या आठ वेगळ्या राहतील. शिवाय गिटमधला प्रत्येक कमिट आपल्या आधीच्या कमिटच्या हॅशला, म्हणजे मजकुरावरून निघणाऱ्या ठशाला, बांधलेला असतो, त्यामुळे मधलं पान हळूच बदलता येत नाही. २०११ मध्ये लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, मुख्य सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली, साइट कित्येक आठवडे बंद होती. तरी कर्नलच्या कोडबद्दल लोक निर्धास्त राहू शकले ते याच कारणाने : जगभरच्या हजारो क्लोनशी न जुळणारा बदल लपून राहिला नसता.

तेव्हा वाद गिट की सबव्हर्जन असा नाहीच. तुमचं परिपत्रक गिटचं नाव घेतं, पण गिटची खरी पुंजी जो इतिहास तोच फेकून देतं, ही माझी तक्रार आहे. बाकीच्या तक्रारी तिच्या मागून येतात.

माझा यात संबंध काय? दुचाकींच्या इंजिन कंट्रोल युनिटचं, म्हणजे ईसीयूचं, सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या गटात मी काम करते. आमच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोड आणि त्याच्या इतिहासाच्या भांडारात, बीएस-४ या प्रदूषण-नियमांच्या काळापासूनच्या नोंदी आहेत. १ एप्रिल २०१७ ला देशभर बीएस-४ लागू झालं. मग पाचवी पायरी गाळून १ एप्रिल २०२० ला थेट बीएस-६, २०२३ मध्ये त्याचा दुसरा टप्पा. या प्रत्येक वळणावर त्याच कोडमध्ये नवीन सेन्सर आले, निदानाचे नवे नियम आले, जुन्या तडजोडी निघाल्या, काही तशाच राहिल्या. का राहिल्या, ते कोडमध्ये लिहिलेलं नाही. ते कमिटच्या संदेशांत आहे.

एक उदाहरण देते. थंड इंजिन सुरू झाल्यावर पहिले काही सेकंद आयडलची, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनच्या वेगाची, दुरुस्ती एका मर्यादेपलीकडे जाऊ द्यायची नाही, असा एक आकडा आमच्याकडे आहे. शेजारी कॉमेंट नाही. नव्याने आलेल्या मुलाला तो निरुपयोगी वाटला आणि तो काढायला निघाला. त्याला म्हटलं, आधी ब्लेम, म्हणजे ही ओळ कोणी आणि कधी बदलली ते, बघ. निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्याचं नाव निघालं. संदेशात लिहिलं होतं की उंचावरच्या थंडीतल्या चाचणीत इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतं, हा आकडा चाचणी गटाशी बोलून ठरवला आहे, तिकीट अमुक. तिकिटात चाचणीचा सगळा डेटा होता. मुलगा मुकाट्याने पुढच्या कामाला लागला.

१ एप्रिलनंतर त्याच ओळीवर ब्लेम चालवलं तर उत्तर येईल : ‘मायग्रेशन यूजर, इनिशियल कमिट’. पुढच्या ओळीवरही तेच. सगळा कोड एकाच दिवशी एकाच माणसाने लिहिल्यासारखा दिसेल.

गावाकडे जमीन असलेल्यांना हे चटकन कळेल. सातबारा आजचं चित्र सांगतो, जमीन या नावावर कशी आली ते फेरफाराच्या नोंदींत असतं. तुम्ही सातबारा नव्या कपाटात ठेवताय आणि फेरफाराच्या वह्या रद्दीत घालताय.

शिवाय हा फक्त आमच्या सोयीचा प्रश्न नाही. वाहनांच्या सुरक्षेचं मानक आयएसओ २६२६२ घ्या. त्याच्या आठव्या भागात कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट आणि चेंज मॅनेजमेंट यांची स्वतंत्र कलमं आहेत, आणि २०१८ च्या दुसऱ्या आवृत्तीत तर मोटारसायकलींसाठी बारावा भागच जोडला गेला. ऑटोमोटिव्ह स्पाइसमध्ये, म्हणजे वाहनांच्या सॉफ्टवेअर प्रक्रिया तपासण्याच्या चौकटीत, यासाठीच एसयूपी.८ आणि एसयूपी.१० आहेत. ऑडिटर समोर बसून विचारतो, ‘अमुक वर्षी विकलेल्या या मॉडेलमध्ये गेलेली बिल्ड (कोडपासून बनलेलं तयार सॉफ्टवेअर) काढून दाखवा, आणि त्याआधीच्या बिल्डपेक्षा त्यात काय बदललं, कोणाच्या मंजुरीने, ते सांगा.’ दुचाकी रस्त्यावर दहा-पंधरा वर्षं धावते. तिच्या रिलीजचा टॅग, म्हणजे त्या आवृत्तीवरची खूण, बंद केलेल्या सर्व्हरवर असेल तर आपण काय दाखवणार? परिपत्रकाची प्रत?

टाउनहॉलमध्ये समितीच्या एका सदस्यांनी यावर सांगितलं की, ‘खुद्द लिनस टॉरवाल्ड्सने गिट सुरू करताना कर्नलचा इतिहास आणला नव्हता.’ टाळ्याही पडल्या. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. २००२ पासून टॉरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्स कर्नलचं काम बिटमूव्हर या खासगी कंपनीच्या बिटकीपर या विकेंद्रित साधनावर चालायचं. एप्रिल २००५ मध्ये त्याचा फुकट वापराचा परवाना काढून घेतला गेला. टॉरवाल्ड्स यांनी त्याच महिन्यात गिट लिहायला घेतलं आणि १६ एप्रिलला कर्नलची २.६.१२-आरसी२ या आवृत्तीची अवस्था पहिला कमिट म्हणून टाकली. त्या कमिटचा संदेश आजही कोणालाही वाचता येतो. त्यात त्यांनी म्हटलंय की पूर्ण इतिहास आपल्याकडे आहे, पण तो आणण्याच्या भानगडीत आत्ता पडत नाही. गिटमध्ये आणला तर सुमारे ३.२ जीबी होतो आणि सुरुवातीच्या दिवसांत उगाच गुंता वाढेल. हवं तर नंतर ऐतिहासिक संग्रह वेगळा करता येईल. तसा तो पुढे इतरांनी केलाही. बिटकीपरमधला इतिहास गिटमध्ये उतरवला गेला, आणि ज्याला हवं त्याला तो आजच्या रिपॉझिटरीला जोडून घेता येतो.

म्हणजे त्यांनी इतिहास बाजूला ठेवला, पुसला नाही. त्यांच्या हातातलं साधन तेव्हा दोन आठवड्यांचं होतं, तुमच्या हातातलं वीस वर्षांहून जुनं आहे. आणि एवढं करूनही कर्नलमध्ये जुन्या ओळींवर ब्लेम चालवणारा माणूस आजही त्या २.६.१२-आरसी२ च्या भिंतीवर जाऊन आदळतो. या उदाहरणावरून शिकायचंच असेल तर हे शिकावं.

दुसरी उदाहरणं तुमच्यासमोर कोणी ठेवली नसावीत. जीसीसी कंपायलर जानेवारी २०२० मध्ये सबव्हर्जनवरून गिटवर आला. त्याआधी त्यावर वर्षानुवर्षं वाद आणि तयारी चालली होती. एरिक रेमंड यांचं रिपोसर्जन हे साधन वापरून १९८० च्या दशकापासूनचा इतिहास आणला गेला. चेंजलॉगच्या फाइली वाचून खरे लेखक शोधले गेले, आणि जुन्या कमिटच्या संदेशांत मूळ सबव्हर्जनचा क्रमांक लिहून ठेवला गेला, म्हणजे जुन्या बगमध्ये ‘आर अमुक’ असा उल्लेख आला तरी तो कमिट सापडतो. फ्रीबीएसडी २००८ मध्ये सीव्हीएसवरून सबव्हर्जनवर गेलं आणि डिसेंबर २०२० मध्ये गिटवर. १९९३ पासूनच्या नोंदी दोन्ही वेळा सोबत आल्या. पायथनचं तर बघण्यासारखं आहे. सीव्हीएस, मग सबव्हर्जन, २०११ मध्ये मर्क्युरियल, २०१७ मध्ये गिट. चार साधनं झाली, आणि आज त्यांच्या रिपॉझिटरीत खाली उतरत गेलं तर १९९० चे कमिट लागतात.

हे सगळे स्वयंसेवकांचे प्रकल्प आहेत, किंवा निदान तसेच सुरू झालेले. त्यांना जमलं. आपल्याला का जमू नये, याचं उत्तर परिपत्रकात ‘कालमर्यादा’ या एका शब्दात आहे. मी हिशोब मांडून बघितला आहे. वापरकर्त्यांच्या नावांची यादी करून ती खऱ्या नाव-मेलशी जोडणं, ब्रँच आणि टॅगची मांडणी सांगणं, एक्स्टर्नल्सची, म्हणजे दुसऱ्या रिपॉझिटरीतून जोडलेल्या फोल्डरची, सोय लावणं, रिकामे फोल्डर गिट ठेवत नाही म्हणून बिल्ड कुठे अडतं ते बघणं, आणि शेवटी प्रत्येक रिलीज टॅग दोन्हीकडून काढून फाइल-फाइल ताडून पाहणं. कंटाळवाणं काम आहे, अवघड नाही. आमच्या आकाराच्या प्रकल्पाला एक मशीन, एक जाणकार माणूस आणि काही आठवडे पुरतील.

दुसरी तक्रार ‘अपवाद नाही’ या शब्दांबद्दल आहे.

आमच्या शेजारच्या गटात काम मॉडेलवर चालतं. सिम्युलिंकमध्ये आकृत्यांतून बनवलेली मॉडेल, पीसीबीचे (सर्किट बोर्डचे) आराखडे, चाचणीच्या बाइनरी नोंदी. सी कोडच्या एका फाइलवर दोघांनी काम केलं तर मर्ज होतो, म्हणजे दोघांचे बदल जोडले जातात, फार तर दोन ओळींवरून भांडण होतं. सिम्युलिंकची फाइल ही आतून झिप असते. दोघांनी एकाच वेळी बदलली की जोडायला खास साधन उघडून चौकोन-चौकोन बघत बसावं लागतं, आणि आराखड्याच्या फाइलीत तर बहुतेक वेळा एकाचं काम सरळ टाकून द्यावं लागतं. म्हणून हे लोक लॉक वापरतात. सबव्हर्जनमध्ये २००५ पासून ती सोय आहे : फाइलीला ‘नीड्स-लॉक’ लावून ठेवलं की लॉक घेतल्याशिवाय ती लिहिताच येत नाही, आणि लॉक कोणाकडे आहे ते सगळ्यांना दिसतं.

गिटच्या गाभ्यात लॉक नाही, आणि असूही शकत नाही. ही फाइल आत्ता कोणाकडे आहे, हे एका जागी विचारावं लागतं, आणि विकेंद्रित पद्धतीत ती एक जागाच मानलेली नाही. गिट एलएफएसमध्ये, म्हणजे मोठ्या फाइलींसाठीच्या गिटच्या जोडसाधनात, २०१७ पासून लॉकची सोय आली, ती सर्व्हरच्या भरवशावर चालते. चांगली आहे, पण ती बसवावी लागते, लोकांना शिकवावी लागते. परिपत्रकात एलएफएस हा शब्दही नाही. ते न लावता त्या गटाला गिटवर ढकललं तर काय होईल? आधीच दाबून बसवलेली मोठी फाइल थोडी बदलली तरी गिटला तिच्यातला फक्त फरक साठवणं नीट जमत नाही, जवळजवळ पूर्ण नवी प्रत साठते. आणि क्लोन घेणाऱ्या प्रत्येकाला त्या सगळ्या प्रती ओढाव्या लागतात. एरवी इतिहास टाकून द्यायला निघालेल्या समितीने नेमक्या याच गटाला सगळ्या प्रती बाळगायला लावाव्यात, हा योगायोग मजेशीर आहे.

‘उद्योगातील सर्वमान्य पद्धत’ म्हणाल तर उद्योगात एवढं एकमत नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये स्वतः लिहिलं की त्यांचा बहुतेक सगळा कोड पायपर या त्यांनीच बांधलेल्या केंद्रीय व्यवस्थेत, एकाच रिपॉझिटरीत आहे : सुमारे ८६ टेराबाइट आणि २ अब्ज ओळी. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोज गिटवर आणलं खरं, पण सुमारे ३०० जीबीची रिपॉझिटरी गिटला पेलेना, म्हणून लागेल ती फाइल लागेल तेव्हाच आणणारी नवी फाइल सिस्टिम त्यांना लिहावी लागली. गेम बनवणारे स्टुडिओ मोठ्या चित्र-ध्वनी फाइलींपायी अजून परफोर्स वापरतात. एसक्यूएलाइट हा डेटाबेस, जो तुमच्या-माझ्या प्रत्येक फोनमध्ये आहे, तो फॉसिल हे स्वतःचंच साधन वापरतो, आणि ओपनबीएसडीवाले अजून सीव्हीएसवर सुखात आहेत. आपण गूगल नाही, ओपनबीएसडीही नाही. माझं म्हणणं इतकंच की यातल्या प्रत्येकाने आपलं काम कसं चालतं ते बघून साधन घेतलं.

तिसरी गोष्ट परवानग्यांची. सबव्हर्जनमध्ये फोल्डरनिहाय परवानगी देता येते. एका ग्राहकाचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याच्या इंजिनसाठी ठरवलेले आकडे, दुसऱ्या ग्राहकाच्या गटाला दिसू नये, अशी आमच्या करारांतली अट आहे आणि ती आज अशीच पाळली जाते. गिटमध्ये ज्याला रिपॉझिटरी वाचता येते, त्याला ती सगळी वाचता येते. म्हणजे रिपॉझिटरी फोडाव्या लागणार, आणि कशा फोडायच्या हे ग्राहकांशी झालेले करार समोर ठेवूनच ठरवायला हवं. ३१ मार्चच्या आदल्या रात्री आयटीच्या मुलांनी अंदाजाने ठरवायची ही बाब नव्हे.

आता परिपत्रकाच्या शेवटच्या तीन कलमांकडे येते. वाचून आधी हसू आलं, मग काळजी वाटली.

एक कलम म्हणतं की लॅपटॉपवर क्लोन घ्यायचा नाही, काम फक्त व्हर्च्युअल डेस्कटॉपवर करायचं. दुसरं म्हणतं की नवी ब्रँच काढायची तर तिकीट टाकून मंजुरी घ्यायची. गिटमध्ये साधी ब्रँच म्हणजे ४१ बाइटची फाइल. मंजुरीच्या मेलखालची तुमची सही तिच्याहून लांब असते. ब्रँच स्वस्त आहे म्हणून तर माणूस एखादी कल्पना करून बघतो, फसली तर कोणाला न सांगता पुसून टाकतो. मुख्य ब्रँचवर कडक पहारा ठेवा, रिव्ह्यूशिवाय काही आत जाऊ देऊ नका, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण प्रत्येकाच्या खासगी ब्रँचला मंजुरी आणि ट्रॅकवरच्या माणसाला क्लोनबंदी, म्हणजे नाव विकेंद्रित आणि जाच केंद्रीय पद्धतीहून जास्त. कोड चोरीला जाण्याची भीती मला समजते. त्यासाठी डिस्क एन्क्रिप्शन आहे, लॅपटॉप हरवला तर दुरून पुसण्याची सोय आहे, आणि चाचणीला जाणाऱ्या लोकांची यादी काही मोठी नसते.

तिसरं कलम याहून वाईट : ‘गिट विकेंद्रित असल्याने रिपॉझिटरीच्या वेगळ्या बॅकअपची आवश्यकता नाही.’ अहो, ज्या क्लोनच्या भरवशावर बॅकअप नको म्हणता, ते क्लोन घ्यायला वरच्याच कलमात बंदी आहे! व्हर्च्युअल डेस्कटॉप आणि गिटचा सर्व्हर एकाच डेटा सेंटरमध्ये असतील तर सगळ्या प्रती एकाच छपराखाली राहिल्या. कोड स्पेसेस नावाची कोड ठेवून देणारी कंपनी २०१४ मध्ये अशीच बुडाली. हल्लेखोर तिच्या क्लाउड खात्यात शिरला आणि डेटासोबत बॅकअपही पुसून गेला, कारण दोन्ही एकाच खात्यात होते. क्लोन असले तरी सगळं वाचतं असंही नाही. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅबच्या एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला, आणि बॅकअपच्या अनेक पद्धतींपैकी एकही ऐनवेळी नीट चालली नाही. रिपॉझिटरी शाबूत राहिल्या, पण सुमारे सहा तासांतले इश्यू, मर्ज रिक्वेस्ट, त्यांवरच्या चर्चा गेल्या. रिव्ह्यूमधली चर्चा आणि तिकिटं गिटमध्ये नसतात, ती सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये असतात. आमच्या धंद्यात ‘का’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच असतं.

निर्णय कसा झाला त्याबद्दलही थोडं. पायथनवाल्यांनी २००८-०९ मध्ये सबव्हर्जन सोडायचं ठरवलं तेव्हा ब्रेट कॅनन आणि इतर काही जणांनी एक प्रस्ताव लिहिला. त्यात त्यांच्या रोजच्या कामातले प्रसंग घेतले : जुन्या आवृत्तीत दुरुस्ती नेणं, बाहेरच्या माणसाचा पॅच घेणं, नव्या सुविधेवर अनेकांनी मिळून काम करणं. प्रत्येक प्रसंग सबव्हर्जन, बाझार, मर्क्युरियल आणि गिटमध्ये कसा पार पडतो ते आज्ञांसकट लिहून दाखवलं. निवड मर्क्युरियलची झाली, पुढे ती बदललीही. पण निवड का केली ते आजही वाचता येतं. तुमच्या परिपत्रकाआधी आमच्या गटातल्या एकालाही कोणी विचारलं नाही की, ‘तुमचा दिवस कसा जातो?’ आमच्यातले काही लोक हा कोड कंपनीचा लोगो बदलण्याच्याही आधीपासून सांभाळताहेत.

आमच्या मागण्या अशा :

१. सबव्हर्जनचा सर्व्हर १ एप्रिलला बंद करू नका. त्या दिवसापासून तो फक्त वाचण्यासाठी ठेवा. ज्या उत्पादनांचं काम संपलं आहे पण गाड्या रस्त्यावर आहेत, त्यांचा इतिहास तिथेच राहू दे. त्याचा पूर्ण डंप, म्हणजे सगळ्या इतिहासाची उतरवलेली प्रत, काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि तो एकदा नव्या मशीनवर उभा करून दाखवा.

२. चालू प्रकल्प गिटवर नेताना पूर्ण इतिहास न्या. खऱ्या लेखकांची नावं, तारखा, टॅग आणि मूळ रिव्हिजन क्रमांक यांसकट. प्रत्येक रिलीज टॅग दोन्हीकडे सारखा निघतो याची लेखी खात्री झाल्याशिवाय कोणत्याही गटाला हलवू नका.

३. मॉडेल आणि आराखड्यांच्या गटांना मुदतीतून वगळा. त्यांच्याच फाइलींवर एलएफएस आणि लॉक लावून चाचणी करा. जमलं तर ते येतील, नाही जमलं तर सबव्हर्जनवर राहतील. एका कंपनीत दोन साधनं असली म्हणून आभाळ कोसळत नाही.

४. ग्राहकनिहाय गोपनीयतेची मांडणी करार हाताळणाऱ्या लोकांना सोबत बसवून ठरवा.

५. ब्रँचच्या मंजुरीचं कलम काढा, चाचणी गटाला एन्क्रिप्ट केलेल्या लॅपटॉपवर क्लोनची परवानगी द्या, आणि ‘बॅकअप नको’ हे वाक्य पूर्णपणे मागे घ्या.

६. समितीत प्रत्येक मोठ्या गटातला, रोज कमिट करणारा एक माणूस घ्या.

यातल्या पहिल्या मागणीसाठी थांबायला वेळ नाही. बाकीच्यांवर चर्चा होऊ शकते, तडजोड होऊ शकते, माझं म्हणणं चुकतंय असंही कोणी पटवून देऊ शकतं. बंद करून पुसलेला सर्व्हर मात्र चर्चेने परत येत नाही. म्हणून १५ मार्चच्या आत निदान तेवढ्या एका मागणीचं लेखी उत्तर द्या.

वरिष्ठांच्या परवानगीने आमच्या गटाचं एक मॉड्यूल मी इतिहासासकट गिटवर आणून ठेवलं आहे. नावांची यादी, वापरलेल्या आज्ञा, कुठे अडलं आणि टॅग ताडून पाहण्याची स्क्रिप्ट, सगळं प्रकल्पाच्या सामायिक फोल्डरमध्ये आहे. ज्या गटाला हवं त्याने उचलावं. समितीला बघायचं असेल तर अर्ध्या तासात दाखवते, वेळ तुम्ही सांगा. बाकीच्या मॉड्यूलसाठी मला सर्व्हरचा ताजा डंप लागेल. त्याचं तिकीट टाकलेलं आहे आणि ते तुमच्याच मंजुरीसाठी थांबलं आहे.

कळावे,
आपली,
ईसीयू सॉफ्टवेअर गटातील एक वरिष्ठ अभियंता
पुणे